खासगी नाव, जाहीर नाना

खानदेशात समुद्र नाही, पण पाण्याचे जाणकार मोजता येणार नाहीत इतके आहेत. जळगावच्या कुठल्याही कॉलनीत संध्याकाळी ओट्यावर बनियन-लेंग्यात बसलेला एखादा गृहस्थ गाठा आणि त्याला एवढंच विचारा, "काय नाना, यंदा हतनूरचे किती दरवाजे उघडले?" धरणाला दरवाजे ४१ आहेत. नाना त्यातल्या प्रत्येकाबद्दल स्वतंत्रपणे बोलू शकतात, आणि चहा येईपर्यंत सोडत नाहीत. चहा आल्यावर गिरणा धरण सुरू होतं.

हे नाना पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले असतात. निवृत्ती पगारापुरती. नजर अजून नोकरीत असते. ते लग्नाला गेले तर मांडवाचा उतार बघतात, तेराव्याला गेले तर जेवणाच्या पंगतीत पाणी कुठे साचतंय ते दाखवतात. सहलीला तर ते जातच नाहीत. ते पाहणीदौऱ्यावर जातात.

आमच्या नानांचा मुलगा पुण्याला संगणकात आहे. आईवडिलांना वेळ देता येत नाही याची भरपाई तो बुकिंग करून देतो. यंदा मार्चमध्ये त्याने कोकणातली ऐतिहासिक बंदरं बघायची दोन दिवसांची सहल बुक केली: चौल-रेवदंडा, कोर्लई, राजपुरी, जंजिरा. नाव खासगी, गाइड खासगी, बरोबर दुसरं कोणी नाही. "दुसरं कोणी नाही म्हणजे?" नानांना हेच पटेना. "मग बोलायचं कोणाशी?" म्हणून त्यांनी धुळ्याचे व्याही आप्पा, त्यांच्या मंडळी आक्का, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले साडू, आणि हिशेब ठेवायला मला घेतलं. मी शेजारी. बँकेत होतो, एवढाच माझा गुन्हा.

नाना आणि आप्पा हे व्याही असले तरी मुळात दोन जिल्हे आहेत. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं. इंग्रज गेले, पण ती वाटणी या दोघांनी जपून ठेवली आहे. आप्पा हायस्कूलचे हेडमास्तर होते, विषय इतिहास. कुठल्याही वादात ते शेवटी एकच पान टाकतात. "इतिहासाचार्य राजवाडे गेले कुठे? धुळ्याला. त्यांचे कागद आहेत कुठे? धुळ्याला." यावर जळगावकडे उत्तर नाही. जळगावकडे सोनं आहे, केळी आहेत, भरिताची वांगी आहेत, पण राजवाड्यांपुढे वांगं ठेवता येत नाही.

पहाटे सहाला पारोळा चौफुलीवर आप्पांना गाडीत घेतलं. त्यांच्या हातात पुस्तकांची पिशवी, आक्कांच्या हातात डबे. आमच्या नानींचे डबे आधीच मागच्या सीटवर बसले होते. कळण्याचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, शेवभाजीचा कोरडा मसाला, आणि पत्र्याच्या उंच डब्यात या वर्षीचे ताजे बिबडे. ज्वारीचे हे पापड गच्चीवर वाळवून नुकतेच उतरवले होते. समुद्रकाठी मासे खाणाऱ्या मुलखात आपण उपाशी मरणार, याबद्दल दोन्ही विहिणींचं एकमत होतं. व्याह्यांचं नसलं तरी विहिणींचं असतं. म्हणून तर संसार चालतात.

रात्री उशिरा रेवदंड्याला पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती. आक्का गाडीतून उतरल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "माय वं! कितलं पानी!" सगळ्या सहलीत समुद्राचं याहून नेमकं वर्णन कोणी केलं नाही. नानांनी मात्र डोळे बारीक करून पातळी बघितली आणि "बरं आहे" म्हणाले. ठेकेदाराचं काम पसंत पडलं तरी इंजिनिअरने इतपतच बोलायचं असतं.

सकाळी सातला नावेपाशी गेलो तर पाणी नाही. नाव चिखलात एका कुशीवर आडवी. नानांचा चेहरा उतरला. मग चढला.

"पाणी सोडलं कोणी?"

तांडेल पन्नाशीचा, विडी विझवून खिशात ठेवणारा माणूस. "ओहोटी आहे, काका. साडेदहाला भरती लागंल."

"साडेदहाला? नक्की?"

"नक्की."

"रोज साडेदहाला?"

"रोज कसं? उद्या पाऊण तास उशिरा."

नाना तिथेच वाळूवर उकिडवे बसले आणि त्यांनी तांडेलाची साक्ष घेतली. दिवसातून किती वेळा येतं, किती वेळा जातं, अमावस्या-पुनवेला किती वाढतं, अष्टमीला किती उतरतं. तांडेल सगळं सांगत गेला. सबंध नोकरीत नानांनी शेतकऱ्यांच्या शिव्या खाऊन उन्हाळ्यात पाण्याची दोन आवर्तनं कशीबशी दिली होती. इथे चोवीस तासांत दोन आवर्तनं, तीही शेवटच्या माणसापर्यंत, आणि पाणीपट्टी नाही. त्यांनी डायरी काढून काहीतरी लिहिलं. मी मागून वाचलं: "व्यवस्था उत्तम. पाणी निरुपयोगी."

गाइड मुरूडचा पोरगा, इतिहासात एम. ए., अत्यंत सज्जन. त्याने रात्रभर जागून आमच्यासाठी टिपणं काढली होती. बिचाऱ्याला खानदेशाची कल्पना नव्हती. साडेदहापर्यंत वेळ होता म्हणून त्याने चौलपासून सुरुवात केली. चौल हे जुनं बंदर, पुढे पोर्तुगीजांकडे होतं, १७४० साली मराठ्यांकडे आलं. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला होता. त्याने बरोबर विकायला एक घोडा आणला होता.

"एकच?" आप्पांनी विचारलं.

"हो सर, एकच."

"एक घोडा घेऊन रशियातून निघाला?" आप्पांनी आमच्याकडे बघितलं. "आणि इथे घोडा घेणार कोण? कोळी? सारंगखेड्याला न्यायचा ना. दत्तजयंतीला. तिथे घोड्याला घोडा म्हणून भाव मिळतो." गाइडने सारंगखेडा म्हणजे काय ते विचारलं. ही त्याची चूक. पुढचा अर्धा तास तापीकाठच्या त्या घोडेबाजाराला गेला. तिथून थाळनेर, फारुकी सुलतान, शिवकाळातली धरणगावची इंग्रजांची वखार. "वखार म्हणजे समुद्रकाठीच, असं तुम्हा लोकांना वाटतं. इंग्रज कापसापाठी आमच्या धरणगावला आला होता, बैलगाडीतून." धरणगाव जळगाव जिल्ह्यात आहे. आप्पांनी ते 'आमचं' म्हटलेलं नानांनी त्या दिवसापुरतं सोडून दिलं. परक्या मुलखात खानदेश एकच असतो.

गाइडने टिपणांचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर तो ऐकायलाच होता. नानांच्या मुलाने खासगी गाइडचे पैसे भरले होते ते अगदी सार्थकी लागले. जळगावात नानांचं इतकं शांतपणे कोणी ऐकत नाही, आणि धुळ्यात आप्पांचं.

नाव निघाली. कुंडलिकेच्या खाडीवर पूल आहे, त्यावरून एस.टी. जात होती. नानांनी पुलाकडे बघितलं, खाली आपल्याकडे बघितलं, आणि वर पूल असताना खालून जाण्याचं प्रयोजन विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. सगळेजण लाइफ जॅकेटचे पट्टे आवळण्यात गुंतले होते. नानींचं जॅकेट पदराच्या आत घालायचं की बाहेर, यावर दोघी विहिणींची चर्चा पलीकडच्या काठापर्यंत पुरली.

कोर्लईला मात्र वेगळं घडलं. किल्ला पोर्तुगीजांचा, ते आप्पांना माहीत होतं. गाइडने सहज सांगितलं की खालच्या गावातली ख्रिस्ती माणसं घरात अजून पोर्तुगीजातून तयार झालेली एक बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली तरी बोलतात. तिला ती 'नौ लिंग' म्हणतात.

"म्हणजे?"

"आमची भाषा."

आप्पा गप्प झाले. पायऱ्या चढताना त्यांनी मला हळूच सांगितलं, तीस वर्षं पोरांना ओरडलो. 'माले' नाही, 'मला' म्हण. 'तुले' नाही, 'तुला'. हातावर छड्या मारल्या. आणि घरी आई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलायची नाही. एवढं बोलून ते पुढे गेले आणि किल्ल्याच्या दारावरच्या शिलालेखाबद्दल गाइडला काहीतरी चुकीचं समजावू लागले.

दुसऱ्या दिवशी राजपुरी. शिडाची होडी. समोर जंजिरा, चारी बाजूंनी पाण्यात. गाइडने तटाकडे बोट दाखवून विचारलं, दरवाजा कुठे दिसतोय? कुठेच दिसेना. अगदी जवळ जाईपर्यंत तो बुरुजांच्या आड राहतो. हे सांगताना त्या पोराला एकदाची सगळ्यांची नजर मिळाली होती. म्हणून त्याने धीर करून पुढचंही सांगितलं: १६८२ साली संभाजी महाराजांनी याच किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता.

नाना ताठ बसले. "भराव?"

"हो, दगडांचा."

"खोली किती होती? लाटांचा मारा कुठल्या बाजूने? दगड आणला कुठून?" केळीच्या वेफर्सच्या रिकाम्या पाकिटावर बॉलपेन चालू लागलं. वारा, शीड, आक्कांचं "जय ना रे बाप्पा" हे सगळं बाजूला राहिलं. नानांनी लांबी धरली, सरासरी खोली धरली, दोन्हीकडचा उतार धरला, आणि होडी किल्ल्याच्या निम्म्या वाटेवर असताना निकाल दिला. काम होण्यासारखं होतं.

"मग सोडलं का?"

"मोगल फौज कोकणात उतरली. महाराजांना परतावं लागलं."

"म्हणजे काम तांत्रिक कारणाने राहिलेलं नाही," नाना म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं. त्यांचीही काही कामं बदलीमुळेच राहिली होती.

दरवाजापाशी होडी लाटेवर वरखाली होत होती. पायरीवर पाय टाकायचा क्षण तांडेल सांगतो, तेव्हाच टाकायचा. आप्पांनी तो आधी टाकला. एक पाय पायरीवर, एक होडीत, आणि होडी मागे सरकली. "आरे धर ना भो माले! पडनू ना मी!" हेडमास्तरांचा आवाज तटावर आपटून परत आला. दोन खलाश्यांनी बगलेत धरून त्यांना वर घेतलं. खलाश्यांना अहिराणी येत नव्हती, पण सगळं समजलं. आप्पांनी धोतर झटकलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

आत साडूंनी कलाल बांगडी तोफेला बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि "अजून चालेल" म्हणाले. पूर्ण दौऱ्यात ते एवढंच बोलले. कारखान्यात गुप्ततेची सवय लागलेली असते.

नानांना गाठलं ते तलावाने. चहूकडे खारा समुद्र आणि किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याचे दोन तलाव, दगडांनी बांधून काढलेले. या पाण्याच्या जिवावर इथल्या राज्यकर्त्या सिद्दीने शिवाजी महाराजांना दाद दिली नाही, संभाजी महाराजांना दिली नाही. संस्थान थेट १९४८ साली भारतात विलीन झालं. गाइड हे सांगत होता आणि नाना काही बोलत नव्हते. काठाला बसून राहिले. हिरवट पाण्याकडे बघत. दहा मिनिटं. नानींनी काळजीने विचारलं, चक्कर आली का? शेवटी त्यांनी मान वर केली.

"सांडवा कुठे आहे?"

गाइडला सांगता आलं नाही. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या पोराने दोन दिवस निमूटपणे ऐकून घेतलं होतं. त्याला एक तरी प्रश्न न येणं हे नानांच्या हिशेबात शिष्याचं लक्षण होतं.

परत येताना नानींनी तांडेलाशी गप्पा काढल्या. तुझी मुलं किती, होडी स्वतःची की भाड्याची, पावसाळ्यात काय खाता. दोन दिवसांत गाइडकडून आम्हाला जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्यांनी अर्ध्या तासात काढून घेतलं. मग विचारलं, "आमची तापीमाय कुठं मिळते रे समुद्राला? इथंच का?"

"नाय मावशी, ती वर सुरतेकडं."

"पण याच पाण्यात ना?"

"ह्याच."

नानींनी ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. नानांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मुलताईपासून सुरतेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहून, हतनूरच्या ४१ दरवाज्यांतून, त्यांच्या डोळ्यांदेखत गेलेलं सगळं पाणी अखेर कुठे जातं ते आज सापडलं होतं. डायरीत अरबी समुद्राची नोंद अशी झाली: "तापी प्रकल्पाचा शेवटचा साठा. क्षमता अमर्याद. देखभाल कोकणाकडे."

त्या रात्री मुक्कामावर नानींनी बिबड्यांचा डबा उघडला. सगळे बिबडे मऊ पडले होते. समुद्राच्या दमट हवेने डब्याच्या झाकणातून शिरून दोन दिवसांत त्यांची कातडी करून टाकली होती. तळले तरी कुरकुरेनात. जंजिरा अजिंक्य का राहिला हे नानींना त्या क्षणी पटलं. या हवेत कोणाचंच काही टिकत नाही, असं त्या म्हणाल्या. भुसावळच्या उन्हाच्या बढाया मारणाऱ्या नानांचा सदराही तोवर घामाने पाठीला चिकटला होता. जेवताना कोणी फारसं बोललं नाही.

जळगावला पोचल्यावर नानींनी पहिलं काम केलं ते बिबडे गच्चीवर जुन्या साडीवर पसरायचं. मार्चचं ऊन होतं, दुपारचा एक वाजला होता. चाळीस मिनिटांत कडक झाले.