कॅसिनो लुटावा कसा? होतकरूंसाठी मार्गदर्शिका

बँक लुटण्यात आता पूर्वीसारखी प्रतिष्ठा राहिलेली नाही. बँकेत रोकड थोडी, रांग मोठी आणि पासबुक छापायचं यंत्र बंद. ज्याला या क्षेत्रात नाव काढायचं आहे त्याने कॅसिनोच लुटावा. या विषयावर एक उत्तम पाठ्यपुस्तक उपलब्ध आहे: स्टीव्हन सोडरबर्ग दिग्दर्शित ‘ओशन्स इलेव्हन’, आवृत्ती २००१. अकरा माणसं, लास वेगासमधले तीन कॅसिनो, एक तिजोरी, १६ कोटींहून जास्त डॉलर आणि कोणाचाही बळी नाही. पुढील पायऱ्या त्याच आधारे दिल्या आहेत. उमेदवारांनी त्या क्रमाने पार पाडाव्यात.

पायरी पहिली: पोशाख

दरोडेखोराने तोंडाला फडकं बांधावं, ही समजूत चंबळच्या खोऱ्यात ठीक आहे. वेगासमध्ये फडकेवाल्याकडे आधी कॅमेरा वळतो आणि सूटवाल्याकडे आधी वेटर. डॅनी ओशन (जॉर्ज क्लूनी) न्यू जर्सीच्या तुरुंगातून सुटतो तोच मुळी टक्सिडो घालून, गळ्यातला बो सैल सोडून. पॅरोलवर असताना राज्य सोडायचं नसतं. डॅनी ही अट नीट ऐकून घेतो आणि थेट लॉस एंजेलिस गाठतो. अट मोडताना माणूस नीटनेटका दिसला पाहिजे, हा पहिला धडा.

पायरी दुसरी: माणसं

टोळीत किती जण असावेत? डॅनी दहा जणांचा हिशेब मांडतो. शेजारी बसलेला रस्टी (ब्रॅड पिट) हूं की चूं करत नाही. त्याच्या गप्प बसण्यावरूनच डॅनीला कळतं की आणखी एक लागणार. ज्याला भागीदाराचं मौन वाचता येत नाही त्याने या धंद्यात पडू नये. सहकारी पतसंस्था काढावी.

माणसं निवडताना पुढील पदं भरून घ्यावीत. पत्ते वाटणारा एक आतला माणूस (बर्नी मॅक). बापाच्या कीर्तीखाली दबलेला एक तरुण खिसेकापू (मॅट डेमन). एक सुरुंगवाला (डॉन चीडल), ज्याने ठसक्यात लंडनी बोली बोलावी. ती लंडनकरांना आपली वाटली नाही तरी हरकत नाही. पोटात अल्सर घेऊन निवृत्त झालेला एक म्हातारा (कार्ल रायनर), कारण श्रीमंत परदेशी शस्त्रव्यापारी म्हणून म्हातारा चटकन खपतो. अखंड भांडणारे दोन भाऊ (केसी ॲफ्लेक आणि स्कॉट कान): भावाभावांना एकत्र घेण्यात डोकेदुखी आहे, पण ती घरातच राहते.

एक कसरतपटूही हवा. त्या कामासाठी शाओबो चिन हा खराखुरा कसरतपटू घेतला होता. तो बोलतो चिनी, बाकीचे उत्तर देतात इंग्रजीत, आणि कोणाचं काही अडत नाही. एकच मातृभाषा असलेल्या भागीदारांची कोर्टातली प्रकरणं पाहता, प्रत्येक टोळीत असा एक तरी माणूस असावा.

इतकी मोठी नावं परवडतात कशी? मंडळींनी आपापलं मानधन खाली आणलं. जुलिया रॉबर्ट्सला क्लूनीने पटकथेसोबत २० डॉलरची एक नोट पाठवली: तू एका चित्रपटाचे वीस घेतेस असं कानावर आलंय, असा निरोप लावून. तिचा खरा दर तेव्हा २ कोटी डॉलर होता. त्याच वर्षी ऑस्कर घेऊन आलेल्या या बाईंची शेवटच्या श्रेयनामावलीत नवा चेहरा म्हणून ओळख करून दिली आहे. डॉन चीडलचं नाव मात्र त्या नामावलीत सापडणार नाही, कारण नावांच्या मांडणीवरून वाद झाला होता. उमेदवारांनी बोध घ्यावा: लुटीतला वाटा मागाहून ठरवला तरी चालतो, नावांचा क्रम आधी ठरवावा.

पायरी तिसरी: भांडवल

दरोड्यालाही आधी पैसे घालावे लागतात. त्यासाठी कॅसिनोमालकाचा एखादा जुना वैरी गाठावा. रूबेन (एलियट गूल्ड) सुरुवातीला नन्नाचा पाढा लावतो. वेगासच्या इतिहासातले सर्वांत यशस्वी दरोडे तो सांगू लागतो, तेव्हा लक्षात येतं की यशाची हद्द दारापर्यंतच होती. पण लुटायचं आहे ते टेरी बेनेडिक्टला (अँडी गार्सिया), हे कळल्यावर त्याची थैली सुटते. सूड घ्यायला निघालेला सावकार व्याज विचारत नाही.

पायरी चौथी: स्थळ आणि मुहूर्त

बेलाजिओ, मिराज आणि एमजीएम ग्रँड या तिन्ही कॅसिनोंची रोकड बेलाजिओच्या पोटातल्या एकाच तिजोरीत जमा होते, असं पाठ्यपुस्तक सांगतं. टेबलांवर जेवढ्या चिप्स फिरतात तेवढे पैसे तिजोरीत असलेच पाहिजेत, असा नियमही ते सांगतं. त्यामुळे गर्दी जास्त त्या रात्री रोकड जास्त. मुहूर्त म्हणून मुष्टियुद्धाची रात्र निवडली आहे. रिंगणात लेनॉक्स लुईस आणि व्लादिमीर क्लिच्को हे खरे मुष्टियोद्धे उतरवले आहेत, म्हणजे गर्दीला बोलावण्याची वेगळी तजवीज नको.

तीन कॅसिनोंचा मालक एकच कसा, अशी शंका काढू नये. २००० साली एमजीएम ग्रँडने मिराज रिसॉर्ट्स ही कंपनी विकत घेतली आणि ही तिन्ही हॉटेलं खरोखरच एका मालकीची झाली. हा मुद्दा अधोरेखित करून ठेवावा. परीक्षेत विचारतात.

पायरी पाचवी: विज्ञान

मुष्टियुद्ध ऐन रंगात आलं की शहराची वीज घालवावी. त्यासाठी ‘पिंच’ नावाचं उपकरण एका संशोधन संस्थेतून पळवावं आणि गाडीत घालून आणावं. या जातीचं खरं यंत्र न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेत आहे आणि त्याला अख्खी इमारत लागते. उमेदवारांनी गाडी त्या मापाची घ्यावी. शिवाय अशा विद्युतचुंबकीय झटक्याने सगळ्या शहराची वीज गेलीच, तर ती काही क्षणांत सुखरूप परत येणार नाही, पाठ्यपुस्तकात येते. ज्यांच्या गावी भारनियमन आहे त्यांनी या पायरीवर खर्च करू नये, फक्त वेळापत्रक पाहावं.

पायरी सहावी: खाणं

रस्टी जवळजवळ प्रत्येक प्रसंगात काहीतरी खात असतो. एवढ्या धावपळीत माणूस सवडीने जेवणार कधी, मिळेल तिथे तोंडात टाकणार, असा ब्रॅड पिटचा तर्क. याचा खरा उपयोग वेगळा आहे. खाणाऱ्या माणसाचा कोणाला संशय येत नाही, आणि तोंडात घास असल्यामुळे तो नको ते बोलूनही जात नाही.

पायरी सातवी: ओझं

इथे बहुतेक उमेदवार नापास होतात, म्हणून गणित मांडून दाखवतो. अमेरिकन नोटेचं वजन साधारण १ ग्रॅम. सगळ्या नोटा शंभराच्याच धरल्या तरी १६ कोटी डॉलरच्या होतात १६ लाख नोटा, म्हणजे १,६०० किलो. पोलिसांच्या वेषात आलेली टोळी हे दीड टनाहून जास्त ओझं काळ्या पिशव्यांतून उचलते आणि कोणाच्याही पाठीत उसण भरत नाही. व्यायामाला आजच सुरुवात करावी.

बेनेडिक्टची माणसं ज्या पिशव्यांच्या मागे लागतात त्यांत पैशांऐवजी रस्त्यावर वाटतात तसली जाहिरातीची पत्रकं निघतात. ती पत्रकं तळघरात कोणी, कधी नेली? पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नाही. इथेच त्याची थोरवी आहे. तिजोरीचे कॅमेरे खोटं चित्र दाखवतात आणि बेनेडिक्ट फसतो. आपल्याला तर सगळी योजना समजावून सांगितल्याचं सोंग केलेलं असतं आणि नेमका कळीचा भाग गाळलेला असतो. बेनेडिक्टचे पैसे जातात, आपलं तर्कशास्त्र जातं, आणि आपण टाळ्या वाजवतो.

पायरी आठवी: घरगुती बाब

टेस (जुलिया रॉबर्ट्स) ही डॅनीची पूर्वीची बायको. आता ती बेलाजिओतल्या कलादालनाचं काम पाहते आणि बेनेडिक्टच्या बरोबर असते. पैसे परत मिळाले तर तिला सोडशील का, या प्रश्नाला बेनेडिक्ट कॅमेऱ्यासमोर होकार देतो, आणि ती पलीकडे टीव्हीवर ते बघते. सूचना: दरोड्याचं खरं कारण भागीदारांना आधी सांगावं. डॅनीने सांगितलं नव्हतं. रस्टीने त्याबद्दल त्याची चांगली हजेरी घेतली आणि ती योग्यच होती.

जुना अभ्यासक्रम

याच नावाची पहिली आवृत्ती १९६० ची, दिग्दर्शक लुईस माइलस्टोन. तीत फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनियर आणि त्यांचं मित्रमंडळ नववर्षाच्या रात्री एकदम पाच कॅसिनो लुटतं. मंडळी दिवसा चित्रीकरण करत आणि रात्री सँड्स हॉटेलच्या रंगमंचावर कार्यक्रम. त्या काळी वेगासच्या पुष्कळ हॉटेलांत सॅमीसारख्या कृष्णवर्णीय कलावंताने गावं, पण तिथे मुक्काम करू नये, अशी रीत होती. ती मोडण्याचा करार मार्च १९६० मध्ये, चित्रपट पडद्यावर येण्याच्या काही महिने आधी झाला.

त्या आवृत्तीत लुटीचे पैसे एका साथीदाराच्या शवपेटीत लपवलेले असतात. विधवा पतीचं दफन न करता दहन करायचं ठरवते आणि सगळी कमाई धुरातून जाते. गंमत अशी की सँड्समध्ये सिनात्राची स्वतःची भागीदारी होती. ज्या पाच कॅसिनोंवर दरोडा पडला त्यांतल्या एकाचा हिस्सेदार दरोडेखोरांचा म्होरक्या होता.

प्रात्यक्षिक

१४ डिसेंबर २०१० च्या पहाटे एका उमेदवाराने खऱ्या बेलाजिओत परीक्षा दिली. टोळी नाही, सूट नाही. डोक्यावर हेल्मेट, हातात पिस्तूल, बाहेर मोटारसायकल. टेबलावरच्या सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स त्याने काही मिनिटांत पळवल्या. मग त्याला कळलं की चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. त्या वटवायच्या कुठे, तर जिथून चोरल्या तिथेच. कॅसिनोने २५ हजारांच्या जुन्या चिप्स बाद करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्या विकायच्या खटपटीत गडी साध्या वेषातल्या पोलिसाच्या हाती लागला. मधल्या काळात तो बेलाजिओतच जाऊन राहिला, जुगार खेळला आणि हरला. कॅसिनो लुटून आलेल्यालाही कॅसिनोने लुटलं. आपल्याकडे याला चोरावर मोर म्हणतात.

स्थानिक उमेदवारांसाठी

महाराष्ट्राने कॅसिनोंचं नियंत्रण आणि कर यांसाठी १९७६ साली कायदा केला. तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षं आपल्याकडे कॅसिनोचा कायदा होता, कॅसिनो नव्हता; लुटण्यासारखं काही निर्माण न करता लुटीला आळा घालण्याचा हा प्रयोग जगात दुर्मीळ असावा. गोव्यात पणजीला मांडवीच्या पात्रात जहाजांवर कॅसिनो आहेत. तिथे जायला लहान बोट लागते आणि परत यायलाही तीच. दीड टन रोकड घेऊन बोटीची वाट पाहत उभं राहायची तयारी असेल, त्यानेच अर्ज करावा.

अंतिम सूचना

आता अधोरेखित केलेल्या मुद्द्याकडे, म्हणजे तिन्ही कॅसिनोंच्या एकाच मालकाकडे, या. पडद्यावर जो कॅसिनो लुटला गेला त्याने स्वतःच चित्रीकरणाला दार उघडून दिलं होतं. दरोड्यानंतर टोळी बेलाजिओच्या कारंज्यांपुढे उभी राहते, डेब्युसीचं संगीत वाजतं, एकेक जण मुकाट्याने निघून जातो. हॉटेलला याहून सुंदर जाहिरात कोण करून देणार? चित्रपटाला खर्च आला सुमारे ८.५ कोटी डॉलर, जगभर गल्ला जमला सुमारे ४५ कोटी. तिजोरीतले १६ कोटी त्यापुढे चिल्लर.

खरा दरोडा तर दिवसाढवळ्या टेबलावर चालू असतो. अमेरिकन रूलेच्या चाकावर शून्य आणि दुहेरी शून्य धरून ३८ घरं असतात, पण एका आकड्यावर जिंकलात तर मिळतात पस्तीस पट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे सरासरी ५ डॉलर २६ सेंट कॅसिनोचे. त्यासाठी सुरुंग लागत नाही, कसरतपटू लागत नाही, वीज घालवावी लागत नाही, आणि पैसे आणून देणारा टक्सिडो घालून स्वतःहून येतो.

तेव्हा वरच्या आठही पायऱ्या ज्यांना जमतील त्यांनीसुद्धा त्या करू नयेत. कॅसिनो लुटायचा असेल तर तो काढावा लागतो; तेवढी ऐपत नसेल तर ‘ओशन्स इलेव्हन’ घरी बसून पाहावा. दोन तासांत अकरा चोर भेटतात, आणि आपलं नुकसान होतं ते त्या दोन तासांएवढंच.