दीड डेसिबलचं घराणं

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरकडून अपेक्षा फार माफक असते. आत आलेला सिग्नल होता तसाच मोठा करायचा, हेडफोनच्या हवाली करायचा आणि मधल्या मध्ये स्वतःची अक्कल पाजळायची नाही. हे काम दोन अ‍ॅम्पनी चोख केलं तर दोघांचा आवाज सारखाच येणार, कारण काहीही न करण्याची पद्धत जगात एकच आहे; ती अमेरिकेत एक आणि पोलंडमध्ये दुसरी अशी नसते. तरीही दोन महागड्या अ‍ॅम्पच्या आवाजाची तुलना करणारे लेख पानंच्या पानं चालतात. याचा अर्थ एक तर दोघांपैकी एक अ‍ॅम्प नेमून दिलेलं काम करत नाही, किंवा लेखक नेमून दिलेल्यापेक्षा जास्त काम करतो. माझं म्हणणं असं की दोन लाखी अ‍ॅम्पमध्ये जो फरक ऐकू येतो, त्यातला बराचसा व्हॉल्यूम, डोळे आणि बिल यांच्या संगनमतातून तयार होतो. आणि उरलेला जो खरा असतो, तो पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दोन-चार रुपयांत सुटा मिळतो.

उदाहरण म्हणून जोडी घेऊ. पहिला बेंचमार्कचा एचपीए४, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, 2018 सालचा. ट्रान्झिस्टरवाला, सपाट काळी किंवा चंदेरी पेटी, पुढे एक गोल बटण. ते फिरवलं की आतले रिले टिकटिक करत दबतात-सुटतात. व्हॉल्यूमच्या 256 पायऱ्या, प्रत्येक अर्ध्या डेसिबलची. दुसरा फेलिक्स ऑडिओचा युफोरिया, पोलंडमधल्या लुब्लिनिएत्सचा. हा व्हॉल्व्हचा, म्हणजे आजोबांच्या काळच्या रेडिओत जे पेटायचे तेच, फक्त इथे ते पेटीच्या आत लाजून न बसता डोक्यावर मिरवतात. हेडफोनला प्रत्यक्ष चालवणारे त्यातले मोठे व्हॉल्व्ह 6एएस7 जातीचे. या जातीचा जन्म गाण्यासाठी झालेलाच नाही. वीजपुरवठ्याचं व्होल्टेज स्थिर राखायला तो व्हॉल्व्ह बनवला होता. निवृत्तीनंतर संगीताकडे वळणारे अधिकारी आपल्याकडेही पुष्कळ, त्यामुळे यात हसण्यासारखं काही नाही. दोघांचीही किंमत आपल्या रुपयांत दोन ते तीन लाखांच्या घरात जाते, कस्टम ड्युटी वेगळी.

आता या दोघांबद्दल जे लिहिलं जातं त्याची भाषा बघा. ट्रान्झिस्टरवाला ‘विश्लेषक’, ‘पारदर्शक’, ‘जरा कोरडा’. व्हॉल्व्हवाला ‘उबदार’, ‘सुरेल’, ‘माणसात आणणारा’. एकाची ‘पार्श्वभूमी काळीशार’, दुसऱ्याचा ‘मंच रुंद’. पुढे एक पडदा हमखास दूर होतो. हा पडदा प्रत्येक नव्या अ‍ॅम्पबरोबर दूर होत आला आहे, आणि एकूण किती पडदे लावले होते याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. शेवटी स्वयंपाकघरातल्या बायकोची साक्ष निघते: तिला यातलं काही कळत नाही, पण तिनंही तिथूनच विचारलं की आज आवाज वेगळा कसा? हा पुरावा स्पीकरच्या जमान्यातून जसाच्या तसा उचलला आहे. हेडफोन नवऱ्याच्या कानावर असताना स्वयंपाकघरात नेमकं काय ऐकू गेलं, हे विचारायचं भान उत्साहात राहत नाही.

पण सगळंच थोतांड आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण या जोडीत एक फरक खराखुरा आहे आणि तो मोजता येतो. प्रत्येक अ‍ॅम्पला आउटपुट इम्पीडन्स असतो, म्हणजे वीज बाहेर पडताना तिला होणारा आतला अडथळा. एचपीए४मध्ये तो जवळजवळ शून्य. युफोरियासारख्या, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या बिरादरीत तो दोन आकडी ओहमपासून शंभर-सव्वाशे ओहमपर्यंत जातो. दुसऱ्या बाजूला हेडफोनचाही इम्पीडन्स असतो, आणि तो खोक्यावर छापतात तसा एकच आकडा नसतो. सेनहायझरचा एचडी 800 घ्या. खोक्यावर 300 ओहम. पण बेसकडे, शंभर हर्ट्झच्या आसपास, त्याचा डायफ्रॅम स्वतःच्या लयीत डोलायला लागतो आणि इम्पीडन्स सहाशेच्या वर चढतो. टाकीपासून नळापर्यंतचा पाइप अरुंद असेल तर नळ पूर्ण सोडला की धार मंदावते आणि थोडाच सोडला की जोर टिकून राहतो. बेसजवळ हा हेडफोन आपला नळ थोडाच सोडतो. त्यामुळे तिथे जोर टिकतो आणि बाकी ठिकाणी पडतो. अ‍ॅम्पचा अडथळा 120 ओहमचा धरला, तर हिशेब सरळ आहे: बेसचा तेवढा भाग बाकीच्यापेक्षा एक ते दीड डेसिबलनं वर येतो. एवढा उठाव लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकतो. ‘उबदार’, ‘भरदार’, ‘माणसात आणणारा’ हे सगळं घराणं या दीड डेसिबलवर उभं आहे.

गंमत पुढे आहे. हा उठाव अ‍ॅम्प आणि हेडफोन यांच्या संगतीचा गुण आहे, एकट्या अ‍ॅम्पचा नाही. त्याच युफोरियाला प्लेनर जातीचा हेडफोन लावला, ज्याचा इम्पीडन्स सगळीकडे जवळपास सपाट असतो, तर ती ऊब बरीचशी नाहीशी होते आणि फक्त आवाज थोडा खाली येतो. आणि उलट, शून्य इम्पीडन्सच्या कोरड्या अ‍ॅम्पपुढे प्रत्येक चॅनेलला 120 ओहमचा एकेक रेझिस्टर जोडला, की तोही माणसात येतो. हा काही माझा गनिमी कावा नाही. इटिमॉटिक ही अमेरिकन कंपनी आपल्या एका इअरफोनचा आवाज दुसऱ्या मॉडेलसारखा करून देणारी छोटी वायर विकत असे. तिच्यात प्रत्येक बाजूला 75 ओहमचा रेझिस्टर होता, बाकी काही नाही. म्हणजे ऊब नावाचा पदार्थ सुटा मिळतो. तो तसाच कुणी घेत नाही, कारण रेझिस्टर दिवाणखान्यात पेटत नाही आणि पाहुण्यांना दाखवताही येत नाही.

व्हॉल्व्हच्या बाजूनं एक जास्त सुरेल युक्तिवाद होऊ शकतो आणि तो मी त्यांच्या वतीनं करतो. व्हॉल्व्ह सिग्नलमध्ये जी भेसळ करतो ती प्रामुख्यानं दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे दुप्पट कंपनसंख्येची. म्हणजेच तोच स्वर, वरच्या सप्तकातला. षड्जात तार षड्जाची भेसळ झाली तर तक्रार कोण करणार? भेसळ बेसूर नाही, हे खरंच. पण मग ती ऐकू तरी कशी येणार? तानपुऱ्याच्या एकाच तारेत असे वरचे स्वर जन्मतःच इतक्या जोरात असतात, की त्यांच्याखाली अ‍ॅम्पनं घातलेली टक्क्याच्या काही दशांशांची भर चिरडून जाते. भेसळ जितकी सुरेल तितकी ती अदृश्य. सुरेलही आहे आणि स्पष्ट ऐकूही येते असं दोन्ही मागता येणार नाही.

मग दीड डेसिबलच्या पलीकडे लोकांना जे ऐकू येतं ते काय? बहुतेक वेळा व्हॉल्यूम. कानाचा एक जुना दुर्गुण आहे: किंचित मोठा आवाज त्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. अर्ध्या डेसिबलची वाढ ‘थोडं मोठं झालं’ अशी जाणवत नाही, ‘तपशील वाढला’ अशी जाणवते. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही अ‍ॅम्प दशांश डेसिबलपर्यंत सारखे करावे लागतात, आणि तेही हेडफोन जोडलेला ठेवून, मल्टिमीटर लावून. आपल्या जोडीत इथेच पहिली मारामारी होते. एचपीए४ अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी चालतो, त्यामुळे नेमकं जुळवायचं तर युफोरियाचंच बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसावं लागतं. अडीच लाखांच्या यंत्रापुढे चारशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन बसणं रसिकांना अप्रतिष्ठेचं वाटतं. मग अंदाजानं जुळवतात, आणि अंदाज नेहमी नव्या अ‍ॅम्पच्या बाजूनं पडतो.

डोळे झाकून ऐकण्याची पद्धत काही आजची नाही. बेल लॅबमधल्या मन्सन आणि गार्डनर यांनी एबीएक्स पद्धतीची मांडणी 1950 सालीच केली होती: हा अ, हा ब, आता हा क्ष कोणता ते सांगा. जानेवारी 1987च्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’नं सव्वादोनशे डॉलरच्या रिसीव्हरपासून 12,000 डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पपर्यंत निरनिराळे अ‍ॅम्प झाकून ऐकवले, उत्तरं नाणं उडवल्यासारखी आली. हेडफोनच्या दुनियेत 2011 साली एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाचा एक निनावी अभियंता उगवला. त्यानं ऑब्जेक्टिव्ह-2 नावाचा अ‍ॅम्प डिझाइन केला, नकाशा सगळ्यांना फुकट वाटून टाकला, बेंचमार्कच्याच एका जुन्या महागड्या यंत्रापुढे तो झाकून ऐकला तर वेगळा ओळखता येत नाही असं दाखवलं, आणि 2012 साली जो गप्प झाला तो आजतागायत. एवढ्या शत्रूंचं वर्षभरात मन दुखावल्यावर गप्प होणं शहाणपणाचंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: झाकून ऐकणं ही परीक्षा झाली, आणि परीक्षेत माणूस गांगरतो, सूक्ष्म फरक महिनोन्‌महिने निवांत ऐकल्यावरच उमजतात. गांगरणं मान्य. पण फरक सूक्ष्म आहे असं लेखात कुठे म्हटलं होतं? तिथे तर जमीन-अस्मान होतं. जमीन कोणती आणि अस्मान कोणतं हे सांगायला कुणी गांगरत नाही. आणि महिनोन्‌महिने हवे असतील तर घ्यावेत; झाकून ऐकायला वेळेची मर्यादा नाही, अट एवढीच की नाव आधी कळू द्यायचं नाही. नेमकी तीच अट जाचते. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? शिवाय आवाजाचा नेमका ठसा मनात काही सेकंदच टिकतो; मार्चमध्ये ऐकलेल्या अ‍ॅम्पची सप्टेंबरमधल्या अ‍ॅम्पशी तुलना करणारा माणूस दोन लेखांची तुलना करत असतो.

दुसरा आक्षेप जास्त घरंदाज: सगळंच मोजता येत नाही हो. बरोबर आहे, विरह मोजता येत नाही. पण अ‍ॅम्पच्या आउटपुटला विरह नसतो, व्होल्टेज असतं, आणि दोन व्होल्टेजची वजाबाकी करता येते. 1985 साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्यानं ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिलं, की तुम्ही सांगाल त्या महागड्या अ‍ॅम्पसारखा आवाज मी माझ्या स्वस्त अ‍ॅम्पमधून अठ्ठेचाळीस तासांत काढून दाखवतो. त्यानं दोघांच्या आउटपुटची वजाबाकी केली आणि बाकी जवळपास उरेनाशी होईपर्यंत आपला अ‍ॅम्प बदलत नेला. संपादकांना शेवटी फरक ओळखता आला नाही. पुढे त्याच्या कारखान्यातून आलेल्या प्रतीबद्दल त्याच मासिकानं शंका घेतली हेही सांगायला हवं, पण त्यानं वजाबाकी खोटी ठरत नाही. जे मोजता येत नाही तेही त्या बाकीतच कुठेतरी असायला हवं. ते अ‍ॅम्पला वळसा घालून कानात शिरू शकत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी मुकाट्यानं मान्य करतो: ताकद. हायफायमॅनचा सुसवारा हा हेडफोन 60 ओहमचा आणि एका मिलिवॅटला जेमतेम 83 डेसिबल देणारा. त्याला 103 डेसिबलचे उंचवटे हवे असतील तर 100 मिलिवॅट लागतात, 113 हवे असतील तर एक वॅट. अ‍ॅपलच्या नऊ डॉलरच्या डाँगलमधून जास्तीत जास्त सुमारे एक व्होल्ट निघतो, म्हणजे या हेडफोनला सोळा-सतरा मिलिवॅट. गाडी 95 डेसिबलच्या आसपास धापा टाकते. इथे मोठ्या अ‍ॅम्पची खरी गरज आहे. पण ही गरज वॅटची आहे, वर्णनाची नाही, आणि पुरेसे वॅट देणारा अ‍ॅम्प लाखांच्या बराच अलीकडे मिळतो.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघावं. हेडफोन काढून परत घातला, बोटभर पुढे-मागे बसला, की वरच्या पट्टीत काही डेसिबल इकडचे तिकडे होतात. चष्म्याच्या काड्या उशीखाली आल्या की बेस गळतो. लाखाचा अ‍ॅम्प परवडण्याच्या वयात पोचेपर्यंत बहुतेक कानांनी सर्वांत वरच्या कंपनसंख्या केव्हाच सोडून दिलेल्या असतात. ज्या तरुण कानांना त्या ऐकू येतात, त्यांच्याकडे डाँगल असतो. आणि एवढं करून ऐकायचं काय, तर 1937 साली गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78च्या तबकड्या, ज्यांची खरखर कोणत्याही ‘काळ्याशार पार्श्वभूमी’ला पुरून उरते. खाँसाहेबांचा आवाज त्या खरखरीतूनही पोचतो. त्याला सिरॅक्यूजचीही गरज नाही आणि लुब्लिनिएत्सचीही.

उरला हौसेचा मुद्दा. हौसेला मोल नाही, पैसे त्यांचे, कान त्यांचे, आणि अंधाऱ्या खोलीत व्हॉल्व्हचा तांबूस उजेड छान दिसतो यावर माझा आक्षेप नाही. तो छान दिसतो असं लिहावं, एवढंच. दोघांतला एक निवडायचाच झाला तर मी एचपीए४ घेईन, कारण शून्यात 120 ओहम मिळवता येतात, पण 120 मधून वजा करायला कुणी रेझिस्टर विकत नाही. शिवाय मे महिन्यात, पंखा बंद ठेवून गाणं ऐकायच्या वेळी, टेबलावर जळते व्हॉल्व्ह ठेवण्याची ऊब मला खरोखरच नको आहे.