एल-टू भाऊ

निविदेत ज्याचा दर सगळ्यांत कमी, तो एल-वन. त्याच्या मागचा एल-टू. एल-वनला कंत्राट मिळतं, एल-टूला वकील. आमचे भाऊ जातिवंत एल-टू. वऱ्हाडात कुठल्याही शहराचा कचरा उचलायची निविदा निघू द्या. भाऊ बयाणा रक्कम भरतात, दुसरे येतात आणि नागपूरची गाडी पकडतात. उच्च न्यायालयाचं आपलं खंडपीठ तिथं आहे.

सगळ्या शहराला एकच कंत्राटदार असावा की प्रभागनिहाय वेगवेगळे, याबद्दल भाऊंची दोन ठाम मतं आहेत. कंत्राट मिळण्याची आशा असेपर्यंत एकच हवा. तेव्हा ते थेट अमेरिकेत जातात. सॅन फ्रान्सिस्कोनं सगळ्या शहराच्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क 50 वर्षांसाठी एकालाच दिला होता आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1905 साली तो वैध ठरवला, हे ते पानटपरीवरही सांगतात. दरांचे लिफाफे उघडले आणि नाव दुसरं आलं, की त्याच संध्याकाळी ही मक्तेदारी होते आणि घटनेचं 14 वं कलम धोक्यात येतं.

भाऊंचं दैवत म्हणजे 1979 चा रमणा शेट्टी खटला. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचं कंत्राट. अट पाच वर्षांच्या अनुभवाची, आणि ते मिळालं अट न पाळणाऱ्याला. प्राधिकरणाला स्वतःची अट अशी मोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. पुढचं भाऊ सांगत नाहीत: अर्जदार उशिरा आला, तोवर दुसऱ्याचा पैसा गुंतला होता, म्हणून कंत्राट हललं नाही. तत्त्व जिंकलं, उपाहारगृह गेलं. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालाचं तर ते नावही काढत नाहीत. न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासेल, निर्णय स्वतः घेणार नाही, असं त्यात आहे ना!

कोर्टाला सुट्टी लागली की भाऊ सेमाडोहच्या जंगलात जातात. सिपना नदीच्या काठी हवापालट, काखेत फाईल. एकदा मीही सोबत होतो. सफारीच्या जिप्सीपाशी येताच भाऊ थबकले.

“गाड्यायचा नंबर कसा लागते? रजिस्टर दाखव.”

“भाऊ, बसा न. गेट बंद होते,” कोरकू गाईड म्हणाला.

“अटी पाह्यल्याबिगर मी सही करत नाही.”

सही कोणी मागितलीच नव्हती. पुढं गाईड सांगू लागला की वाघाचं खाऊन झालं की उरलेल्यावर कोल्हे येतात, मग बाकीचे. भाऊंनी गंभीरपणे विचारलं, “आन् हरकत कोनीच घेत नाही?”

एका वळणावर वेफरचं रिकामं पाकीट पडलं होतं. गाईडनं जिप्सी थांबवायला लावली, वाकून ते उचललं आणि खिशात कोंबलं. भाऊ ताडकन उठले.

“थांब बे! वर्क ऑर्डर हाये का तुह्यापाशी?”

पोरगं घाबरून पाकीट परत टाकणार होतं. मी त्याचा हात धरला.

आता भाऊंच्या या उद्योगात फायदा कोणाचा, विचारा. भाऊंचा नाही, त्यांचा पैसा वकिलाकडं जातो. एल-वनचाही नाही; तो स्टेखाली दबलेला. फायदा जुन्या कंत्राटदाराचा. कचरा तर थांबवता येत नाही, म्हणून प्रकरण चालू तोवर त्यालाच मुदतवाढ, महिन्या-महिन्याची. दिवाळीला भाऊंच्या घरी मिठाईचा सगळ्यांत मोठा डबा त्याच्याकडून येतो. भाऊंना वाटतं, माणूस दिलदार आहे.

तेव्हा तुमच्या गल्लीत घंटागाडी चार दिवस फिरकली नाही, तर सफाई कामगारावर ओरडू नका. महिन्याच्या मुदतवाढीवर नवी गाडी कोणी घेत नाही, आणि जुनी बंद पडलेली असते. नागपूर खंडपीठाची त्या दिवसाची यादी पाहा. तुमच्या कचऱ्याला तारीख पडली असेल.