पट्टा घेणारा आणि बाग देणारा

घर आपले, हप्ते आपले, गळके छतही आपलेच, जमीन मात्र दुसऱ्याची: या व्यवस्थेला भाडेपट्टा म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मुदत भरली की पट्टा संपतो, म्हणून ती भरण्याआधी वाढवून घ्यायची असते. या विषयाच्या अभ्यासाला रत्नागिरीच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर असलेले पावस फार सोयीचे. गावात हापूसच्या बागा आहेत, १९७४ साली समाधिस्थ झालेल्या स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे आणि घरटी एखादा तरी चाकरमानी मुंबईच्या बाजूला आहे. देह म्हणजे चार दिवसांचे भाड्याचे घर, हे मंदिरात पटवून घेतलेला चाकरमानी बाहेर चपला शोधता शोधता सोसायटीच्या पट्ट्याची किती वर्षे उरली ते मोजतो.

त्याचा फ्लॅट नवी मुंबईत असतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने तिथल्या जमिनी ६० वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. जमीन सिडकोची, पट्टा सोसायटीचा, फ्लॅट सभासदाचा, अशी ही उतरंड. फ्लॅट विकायचा तर सिडकोचे हस्तांतरण शुल्क भरावे लागते. तेवढ्यापुरती जमीनमालकाची आठवण होते आणि पुन्हा विसरली जाते. घर घेताना ६० हा आकडा कोणी वाचत नाही, कारण त्या वयात ६० वर्षे म्हणजे अनंतकाळ वाटतो. सत्तरच्या दशकात वाशीत सुरू झालेले पट्टे पुढच्या दशकात भरत येतील, हे गणित मुलाचे लग्न ठरवताना कोणीतरी मांडते आणि मग घबराट होते.

मुदतवाढ एकट्या सभासदाला मागता येत नाही, ती सोसायटीने मागायची असते. वार्षिक सभेत हा विषय पार्किंग आणि गच्चीच्या गळतीनंतर येतो, म्हणजे चहा येऊन गेल्यावर. मूळ पट्टाकरार काढा, असा ठराव एकमताने होतो. करार माजी सचिवांच्या कपाटात असतो आणि माजी सचिव निवृत्त होऊन पावसला गेलेले असतात.

किती वर्षे मागायची, यावर मात्र दुमत नसते. ६० ही चेष्टा, ९९ ही सोय, ९९९ हा न्याय. शक्य तर मालकीच. दाखल्याला इतिहासही निघतो. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने अख्खी मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली. त्यानंतर त्या दरात इथे कोणाला काही मिळालेले नाही. खुद्द इंग्लंडात फ्लॅटधारकाला ९० वर्षे वाढवून मागण्याचा हक्क १९९३ च्या कायद्याने मिळाला आणि ९९० वर्षांची तरतूद करणारा कायदा २०२४ मध्ये संमत झाला. हे ऐकून सभासद हळहळतात. ‘माणसाने पुढच्या पिढीचा विचार करायला नको का?’ हे वाक्य इतिवृत्तात येतेच.

पावसाळ्याच्या तोंडावर हाच सभासद पावसला येतो तो बाग कराराने द्यायला. इथे तो जमीनमालक असतो. करार एका हंगामाचा, आणि त्यात ठसठशीत लिहिलेले की घेणाऱ्याने फक्त फळ घेतले आहे, जमिनीत त्याचा कसलाही हक्क नाही, तो कूळ नाही. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ मालक ठरले. ती तारीख कोकणातल्या जमीनदार घरांत अजून पुण्यतिथीसारखी लक्षात आहे.

बाग घेणारा म्हणतो, ‘भाऊ, पाच वर्षं तरी द्या. खत घालतो, छाटणी करतो.’

‘पुढचं कोणी बघितलंय? यंदाचं यंदा.’

मग बागेचे यंदाचे यंदा होते. बाग घेणारा बुंध्याभोवती गोलाकार भोके पाडून कल्टार ओततो. या औषधाने, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोलने, पालवी थांबते आणि मोहोर लवकर व जास्त येतो. झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे तीन मिलिलिटर, असे प्रमाण ठरलेले आहे. शिवाय झाडाला खतही तसेच भरपूर घालावे लागते. पण ज्याचा झाडाशी संबंध मे महिन्यात संपणार, त्याने खताचा खर्च कोणासाठी करायचा? औषधाचा हात तेवढा सैल सुटतो. चार हंगामांत चार वेगवेगळे घेणारे येऊन गेले की कलम थकते, आणि मालक गावभर सांगतो, लोकांनी बाग पिळून काढली. पट्टा संपत आलेल्या इमारतीला रंग काढायचा की नाही, या सभेत स्वतः विरोधी मत दिल्याचे त्याला तेव्हा आठवत नाही.

सरकारी जमिनीचे पट्टे अधिमूल्य भरून मालकी हक्कात बदलण्याचे नियम महाराष्ट्रात २०१९ साली आले. तेव्हापासून असल्या प्रत्येक बातमीचे कात्रण वाशीच्या घरात जपले जाते. मुद्रांकाचे कोष्टकही तोंडपाठ असते: १० ते २९ वर्षांच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या निम्म्यावर शुल्क, २९ च्या पुढे ९० टक्क्यांवर.

निवृत्त होऊन गावी गेले तरी फ्लॅट रिकामा ठेवत नाहीत. तो वाशीच्या फळबाजारातल्या एखाद्या दिवाणजीला लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला असतो, ११ महिन्यांसाठी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणी ११ महिन्यांनाही सक्तीची केली, त्यामुळे या आकड्यात आता कसलीच बचत नाही. तरी तो टिकून आहे. दिवाणजीने मुलांच्या शाळेसाठी तीन वर्षांचा करार मागितला, तर मालक हताशपणे सांगतो की एवढी मुदत देणे बरे नव्हे, इथे सोसायटीच्या पट्ट्याचेच अजून काही ठरलेले नाही.