बाबा, हिशोब सोबत जोडला आहे

ह्यूस्टन,
होळीच्या आधीचा रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलो असं फोनवर सांगितलं, तर बाबा, तुमचा पहिला प्रश्न, "तिथं कोणाचं काही काम होतं काय?" नाही, मजा करायला गेलो होतो म्हटल्यावर पलीकडे इतकी शांतता पसरली की फोन कटला असं वाटलं. मग तुम्ही म्हणालात, "मजेचा अहवाल लिहून पाठव. हिशोबासहित. मोबाइलवर नको, कागदावर." म्हणून हा अहवाल. सेवाग्रामच्या आश्रमात कोणाला वाचून दाखवणार असाल तर मधला दारूचा भाग गाळावा. गाळलेलं कळू नये म्हणून तो वेगळ्या पानावर लिहिते आहे.

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्स साडेतीनशे मैल, म्हणजे वर्ध्याहून पुण्याला जाण्यापेक्षा थोडं कमीच. तुमच्या जावयांनी निघायची वेळ पहाटे पाच ठरवली, निघालो साडेसातला, आणि उशीर त्यांच्यामुळे झालेला नाही हे त्यांनी लुईझियानाची हद्द लागेपर्यंत सिद्ध केलं. पुढे अचाफलाया नावाची दलदल लागते. तिच्यावर अठरा मैलांचा पूल आहे. सेवाग्रामहून वर्ध्याला तीनदा जाऊन यावं इतकं होत नाही, पण धाकट्याला सू लागल्यावर तेवढाच वाटतो, कारण मध्ये थांबायला जवळपास जागाच नाही.

आता जत्रेचं. मार्डी ग्रा म्हणजे ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचा मंगळवार. उद्यापासून संयम, म्हणून आज काय ते खाऊन-पिऊन घ्या. थोडक्यात गटारी अमावस्या. फरक एवढाच की आपण गटारी एका संध्याकाळी, शक्यतो शेजाऱ्यांना न कळता उरकतो. हे लोक ६ जानेवारीला सुरू करतात आणि पालिकेकडून रस्ते बंद करून घेऊन करतात.

(वेगळं पान.) बाबा, दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलेल्या बाईला बर्बन स्ट्रीट दाखवू नये. तिथे रस्त्याने पीत चालायला कायद्याची परवानगी आहे. अट एकच, पेला काचेचा नको, प्लास्टिकचा हवा. आमची मोठी म्हणाली, "आई, हे सगळे ज्यूस पीत आहेत का?" मी हो म्हटलं. गांधीजींच्या गावची लेक असूनही सत्याचा प्रयोग मी तिथे केला नाही. त्याहून कमाल म्हणजे त्या राज्यात गाडीत बसल्या बसल्या खिडकीतून दारू मिळते. बर्फ घातलेली, रंगीत, झाकण लावलेली. स्ट्रॉ झाकणाच्या भोकात घातलेली नसली तर पेला बंद धरतात, म्हणून दुकानदार ती वरून टेपने चिकटवून देतो. सगळी कायदा-सुव्यवस्था त्या टेपवर उभी आहे. आपल्याकडे बंदी असून कुठे काय मिळतं हे पोट्ट्यांनाही ठाऊक असतं असं तुम्ही चिडून म्हणता, तेव्हा इथला हा मोकळा कारभार आठवावा की विसरावा, ते तुम्हीच ठरवा. (वेगळं पान संपलं.)

त्याच भागात, बर्बन स्ट्रीटपासून चार पावलांवर, तुम्हाला चालेल अशी एक जागा सापडली. प्रिझर्व्हेशन हॉल. १९६१ पासून तिथे जुन्या वळणाचं जॅझ वाजवतात. जुनाट, पोपडे उडालेली खोली, मोजके बाक, पुढच्यांनी खाली बसायचं, मागच्यांनी उभं राहायचं. आत दारू विकत नाहीत, वाजवताना फोटो काढू देत नाहीत. मांडी घालून बसण्यात तिथे माझ्या तोडीचं कोणी नव्हतं. शेजारची गोरी मंडळी दहा मिनिटांत पाय चोळायला लागली. बापूकुटीपुढची संध्याकाळची प्रार्थना लहानपणी कंटाळत का होईना केली, तिचा उपयोग असा झाला. एक म्हातारा ट्रंपेट वाजवत होता आणि दोन तुकड्यांच्या मध्ये रुमालाने चेहरा पुसत सगळ्यांकडे बघून हसत होता. याच गावात १९०१ साली लुई आर्मस्ट्राँग जन्मला. अकरा-बारा वर्षांचा असताना नववर्षाच्या रात्री हवेत पिस्तूल झाडलं म्हणून त्याला पोरांच्या सुधारगृहात टाकलं आणि तिथल्या बँडमध्ये तो नीट वाजवायला शिकला. गांधीजींच्या नई तालीमची आठवण येऊन मी जावयांना कोपराने ढोसलं. ते डोळे मिटून ऐकत होते. घोरत नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकते.

मिरवणुका मात्र जागं ठेवतात. रंगीत रथांवर मुखवटे घातलेले लोक उभे असतात आणि खाली मण्यांच्या माळा फेकतात. खालचे लोक "मला, मला" म्हणून ओरडतात. चांगले शिकले-सवरलेले, पेन्शनवाले लोक. मुलांसाठी शिड्या आणून त्यावर खुर्च्या ठोकलेल्या असतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी जाणाऱ्या पोरांचा उत्साह इथे सत्तर वर्षांच्या आजोबांत बघितला. मी आधी पदर सावरून उभी होते. (पदर नव्हता, पण भाव तो होता.) तिसऱ्या रथाला मी एका दाढीवाल्याच्या हातातली जांभळी माळ वरच्या वर झेलली आणि तो "वेल प्लेड, मॅम" म्हणाला. मोठीने ते चित्रित केलं आहे. मागितलं तरी पाठवणार नाही.

तुम्हाला आवडणार नाही ते आधीच सांगते, या माळा प्लास्टिकच्या असतात. २०१८ साली पालिकेने सांगितलं की सेंट चार्ल्स रस्त्याच्या जेमतेम पाच चौकांएवढ्या तुकड्यातल्या गटारांतून ४६ टन मणी निघाले. टन, बाबा. तेव्हापासून गटारांच्या तोंडाशी जाळ्या लावायला लागले. तुम्ही असता तर मिरवणुकीमागे झाडू घेऊन निघाला असता आणि लोकांना तो एक नवा रथच वाटला असता. पण सफाईची शिस्तही बघण्यासारखी. मंगळवारी रात्री बाराच्या ठोक्याला घोड्यावरचे पोलीस बर्बन स्ट्रीटवर येतात, सण संपला म्हणून जाहीर करतात, मागून झाडूच्या गाड्या. पोरं झोपली म्हणून आम्ही ते हॉटेलच्या टीव्हीवर पाहिलं. कोणी "अजून पाच मिनिटं" म्हणालं नाही. आपल्या गणपतीत हे जमलं तर मला कळवा.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. तिथे काळ्या वस्त्यांतले लोक मार्डी ग्राला पिसांचे आणि मण्यांचे भरजरी वेष घालून निघतात. पूर्वी पळालेल्या गुलामांना इथल्या मूळ रहिवाशांनी आसरा दिला, त्यांच्या सन्मानार्थ, असं सांगतात. वेष स्वतः शिवायचा. हाताने, मणी-मणी ओवत, वर्षभर, नोकरी करून आल्यावर रात्री. आणि पुढच्या वर्षी तोच घालायचा नाही, पुन्हा नवा. आम्हाला भेटलेल्या एकाची बोटं सुईने टोचून टोचून घट्ट झाली होती. मी त्याला म्हटलं, माझे वडील रोज सूत कातता कातता कोणाशी बोलत नाहीत. तो म्हणाला, "माझी बायको म्हणते मीही बोलत नाही." मजा करायला वर्षभर असं मान मोडून काम लागतं हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. या लोकांच्या टोळ्यांचे नायक रस्त्यात समोरासमोर आले की पूर्वी मारामारी व्हायची. आता जास्त देखणा कोण, यावर निकाल लागतो. वर्धा जिल्हा परिषदेत ही पद्धत सुचवून पाहा.

खाण्याचं आईसाठी. कॅफे दु माँद म्हणून १८६२ पासूनचं दुकान आहे. तिथे बेन्ये मिळतात, म्हणजे तळलेले, फुगलेले चौकोन, एका थाळीत तीन, वर पिठीसाखर टेकडीएवढी. खाताना श्वास आत घेतला तर ठसका, बाहेर सोडला तर समोरचा पांढरा. तुमच्या जावयांनी काळा शर्ट घातला होता आणि ते शिंकले. कॉफीत चिकोरी असते, आमच्या शेजारच्या तमिळ मामींच्या घरची चव आली. बाकी शाकाहाराचे हाल. गंबो नावाच्या तिथल्या रश्शात भेंडी असते ऐकून मी खूश झाले, तर भेंडीसोबत कोळंबी, खेकडा आणि सॉसेज. वाढणाऱ्या बाईने फार प्रेमाने सांगितलं, "काळजी करू नको गं, मी मांस वेचून काढते." शेवटी बटाट्याच्या तळलेल्या फोडी भरलेला लांब पाव खाल्ला. १९२९ च्या ट्राम संपात दोन मार्टिन बंधूंनी, जे स्वतः आधी ट्रामचे कंडक्टर होते, संपवाल्यांना असे पाव फुकट दिले होते. संपाचं अन्न म्हटल्यावर मला दोन जास्त गेले. सोमवारी तिथे घरोघरी राजमा-भात, कारण पूर्वी सोमवार धुण्याचा दिवस. शिजायला ठेवला की कपडे धुऊन होईपर्यंत बघावं लागत नाही. जावई काय काय जेवले हे विचारू नये. ते स्वतः कळवणार आहेत.

स्मशानही पाहिलं. आई, घाबरू नको, तिकीट काढून पाहतात. जमिनीत पाणी वर असल्याने थडगी जमिनीवर, घरांसारखी बांधलेली. त्यात निकोलस केज या नटाने स्वतःसाठी पांढरा पिरॅमिड बांधून ठेवला आहे. माणूस हिंडता-फिरता आहे. तुमचे जावई म्हणाले, "याला म्हणतात नियोजन."

आता बाबा, ज्यासाठी तुम्ही प्रवासखर्च मंजूर कराल ते. प्रेस स्ट्रीट आणि रॉयल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, रेल्वेच्या रुळांपाशी, एक फलक आहे. होमर प्लेसी नावाचा जोडे शिवणारा माणूस इथे गाडीत पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. दिसायला गोराच, आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच काळी व्यक्ती. त्यामुळे मी कायद्याने काळा आहे हे त्याला स्वतःच सांगावं लागलं. सगळं ठरवून. गावातल्या नागरिकांच्या समितीने वेगळ्या डब्यांचा कायदा कोर्टात खेचण्यासाठी अटक करणारा खासगी गुप्तहेरसुद्धा स्वतःच नेमला होता, आणि रेल्वे कंपनीलाही कल्पना होती, कारण जादा डबे ओढणं तिलाही परवडत नव्हतं. आता तारीख वाचा: ७ जून १८९२. पीटरमॅरिट्झबर्गला मोहनदास गांधींना डब्यातून उतरवलं ती तारीख तुम्ही आमच्याकडून पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती, ७ जून १८९३. बरोबर एक वर्ष. मी फलकापुढे मोठ्याने "बाप्पा!" म्हणाले आणि एक सायकलवाला थांबला.

प्लेसी हरला. १८९६ साली सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक मतांनी वेगळे डबे योग्य ठरवले, आणि शाळांपुरता तरी तो न्याय मोडायला १९५४ उजाडलं. निकालाच्या पुढच्या वर्षी प्लेसीने २५ डॉलर दंड भरला. २०२२ च्या जानेवारीत राज्यपालांनी त्याला माफी दिली, तेव्हा तो जाऊन ९६ वर्षं झाली होती. २५ डॉलरचं चक्रवाढ व्याज किती झालं असतं, हे तुमच्या जावयांनी फलकापाशी उभ्या उभ्या मोबाइलवर काढलं. धाकट्याने विचारलं, "पण तो चुपचाप बसला असता तर कोणाला कळलंच नसतं ना?" याचं उत्तर मी तुमच्यावर ढकललं आहे. रविवारी तो फोन करेल, तयारीत राहा.

हिशोब. ट्रामचा दिवसभराचा पास माणशी ३ डॉलर. सेंट चार्ल्सची ही मार्गिका १८३५ पासून चालू आहे आणि लाकडी बाकांची पाठ उलटी फिरवता येते, म्हणून पोरांनी दिवसभर तेवढंच केलं. मिसिसिपी ओलांडायला होडी २ डॉलर. माळा फुकट. मिरवणुका फुकट. फलक फुकट. हॉटेलात गाडी उभी करायला जे दिलं ते लिहीत नाही, आईचा रक्तदाब वाढेल. गोरसपाकचा डबा संपला, तो खर्चात धरावा आणि येणाऱ्याबरोबर भरपाई पाठवावी.

कळावे, लोभ आहेच.
तुमची,
ताई

ता. क. आईसाठी: झुलू नावाच्या मंडळाच्या रथावरून रंगवलेले नारळ देतात. पूर्वी फेकायचे. डोकी फुटायला लागली, १९८७ साली विमा मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये राज्याने नारळासाठी वेगळा कायदा केला. आता हातात देतात. धाकट्याला एक मिळाला, सोनेरी, वर चमकी. मी देवघरात ठेवला आहे. हलवून पाहिला, पाणी वाजत नाही. असा नारळ मारुतीला चालतो का, ते गुरुजींना विचार. चालत नसेल तर कुठून आला ते सांगू नको, नुसतं "परदेशी जात आहे" म्हण आणि पुन्हा विचार.