डुलकीचं भांडुप घराणं

वैमानिकानं कॉकपिटात डुलकी घ्यावी का? अवश्य घ्यावी! तिला ‘नियंत्रित विश्रांती’ असं भारदस्त नावही आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये जेट एअरवेजच्या मुंबई–ब्रसेल्स विमानात कॅप्टन तीच घेत होते, सहवैमानिक टॅबमध्ये गुंग. तुर्कस्तानावर विमान ५,००० फूट उतरलं, ते कळलं जमिनीवरच्या कंट्रोलवाल्यांनी हटकल्यावर. कमी पडला तो शेजारी. आमच्या स्लो लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून घोरणाऱ्याला कांजूरमार्ग सुटताच कोणीतरी कोपर मारतंच, ‘ओ काका, भांडुप!’ तेव्हा प्रत्येक कॉकपिटात भांडुपचा एक पासधारक बसवावा. मोटरमनला मात्र ही चैन नाही. त्यानं हँडल सोडलं की गाडीला आपोआप ब्रेक लागतो.