उभे तात्या

तात्यांना बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस आमच्या चांदे गावात मिळायचा नाही. पारावर जागा असली तरी ते कडेला उभे. लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत उभे, दहाव्याला उभे, गुंठ्याचा भाव काढायला हिंजवडीकडून गाडी आली की तिच्या काचेशी तासभर उभे. "बसा की तात्या!" म्हटलं की "निघालोच" म्हणतात. निघत नाहीत.

आवणीच्या दिवसांत बांधावर उभं राहून दुसऱ्यांची रोपं वाकडी ठरवताना त्यांनी लेंगा वर खोचला आणि पोटऱ्यांवरच्या निळ्या, वेटोळ्या, फुगलेल्या शिरा सगळ्यांना दिसल्या. "कष्टाच्या नसा हायेत!" तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी तो अभिमान उतरवला. पायाच्या शिरांत रक्त खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. त्या ढिल्या झाल्या की रक्त साचतं. चालताना पोटरी ते पिळून वर धाडते, नुसतं उभं राहिलं की तुंबतं.

"म्हंजी वरच्या खाचराचा बांध फुटला की खालचं तुंबतं, तसं," तात्या म्हणाले. समजलं सगळं, पटलं काहीच नाही.

माप घेऊन दिलेला घट्ट मोजा सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच, सूज चढण्यापूर्वी घालायचा. पहिल्या दिवशी जत्रेतल्या निकाली कुस्तीसारखी झटापट झाली आणि तात्या चीतपट. मग काकूंनी मोजा उलटा केला, आधी टाच बसवली आणि हा हा म्हणता वर चढवला.

खरी पंचाईत पुढे होती. दिवसातून तीन-चारदा, पंधरा मिनिटं, आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवायचे. तात्यांनी ओसरीवर पाय तांदळाच्या पोत्यावर टाकले. "लक्ष्मीवर पाय?" काकूंनी पोतं ओढून गोधडीची वळकटी सरकवली. तेवढ्यात व्याही आले. तात्यांचे तळवे थेट त्यांच्या तोंडासमोर.

"काय झालं?" व्याह्यांनी घाबरून विचारलं.

"काय नाय, बसा," तात्या म्हणाले. "अजून नऊ मिनिटं हायेत."

हल्ली ते रोज शेजारच्या नांदे गावाच्या वेशीपर्यंत चालतात. शिरा काही गेल्या नाहीत, त्या अशा उपायांनी जातही नाहीत. संध्याकाळचा जडपणा मात्र उतरला. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि तात्या भेटले तर गप्पा जरूर मारा, फक्त चालता चालता.